फॉल्ट दाखवतो तोच फॉल्टी!

मैत्रिणी विचारतात, "कारखान्यातली नोकरी कशी चाललीय?" मी म्हणते, नोकरी अधूनमधून बंद पडते, किस्से मात्र तिन्ही पाळ्यांत चालू असतात. एक कुणाला सांगावा तर तो संपायच्या आत दुसरा तयार! कॉलेजात वाटायचं, इंजिनिअर झाल्यावर आपण यंत्रं दुरुस्त करू. यंत्रं बिचारी ठीकच असतात हो. त्यांच्याभोवती उभी असलेली माणसं कुठल्या पान्याने आवळायची, ते मात्र कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

आमचा कारखाना टॉवेलचा, सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आमचा म्हणजे अण्णांचा. मी तिथली इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर. किस्से सांगण्याआधी एक गोष्ट समजावते, म्हणजे पुढे अडणार नाही. मोठ्या मोटरला आम्ही वीज थेट देत नाही. मध्ये एक डबा असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. मोटर किती वेगाने फिरवायची ते तो ठरवतो, आणि ते करता करता सतत पहारा देतो. करंट जास्त जातोय का? व्होल्टेज चढलंय का? वीज कुठे जमिनीत गळतेय का? आपण स्वतः तापलोय का? काही वावगं दिसलं की पापणी लवायच्या आत तो मोटर बंद करतो, आणि का बंद केली ते आपल्या छोट्या पडद्यावर लिहितो. त्या बंद होण्याला म्हणायचं ट्रिप, आणि लिहिलेल्या कारणाला म्हणायचं फॉल्ट.

एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. आमच्या कारखान्यात नेमकं एवढंच कुणाला कळत नाही.

आणखी एक सांगून ठेवते. यातले बहुतेक किस्से हसून सोडून द्यायचे आहेत. एक मात्र अजून चालू आहे, आणि तो हणमंतमामांच्या दोन हातांवर चालू आहे. हणमंतमामा मंद्रूपचे. आमच्या डाइंग, म्हणजे रंगाईच्या, खात्यात हायड्रो चालवतात. हायड्रो म्हणजे भलंमोठं भोकाभोकांचं लोखंडी पातेलं. रंगवलेले ओले टॉवेल त्यात भरायचे, पातेलं गरगर फिरतं आणि पाणी बाहेर फेकलं जातं. ते हात त्या पातेल्यात रोज कितीदा जातात, याचा विचार आमच्याकडे मी सोडून कुणीही करत नाही.

* * *

नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. प्रॉडक्शन मॅनेजर कानडे साहेब तरातरा आले.

"मॅडम, वार्पिंगचा ड्राइव्ह फॉल्ट दाखवतोय. फॉल्टी पीस आहे. बदलून टाका."

वार्पिंग म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळणारं यंत्र. जाऊन पाहिलं. पडद्यावर अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीत गळतेय. मोटरच्या केबलचं आवरण फाटून तार पत्र्याला टेकली होती. ड्राइव्हने वीज गळताना पकडली आणि मोटर बंद केली. शाबासकीच द्यायला हवी होती त्याला!

मी म्हणाले, "साहेब, ड्राइव्ह चांगला आहे. केबल खराब आहे. तो नुसतं सांगतोय."

"केबल काही बोलली का?"

"नाही."

"मोटर बोलली?"

"नाही."

"मग बोलतोय कोण? ड्राइव्ह. ज्याचं दुखतं तोच ओरडतो, मॅडम!"

ड्राइव्ह बदलला. नवीन ड्राइव्हने चालू केल्या केल्या तोच फॉल्ट दाखवला. साहेब म्हणाले, "हाही फॉल्टी." तिसरा आणला. त्यानेही तेच लिहिलं. मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली.

"अख्खा लॉटच खराब आलाय!"

नशीब हे गृहस्थ डॉक्टर झाले नाहीत. पेशंट तापाने फणफणत पडला असता आणि हे थर्मामीटर बदलत बसले असते.

* * *

उन्हाळ्यात एका लूमचा, म्हणजे मागाचा, ड्राइव्ह तापून ट्रिप व्हायला लागला. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्र्याचं छप्पर, आणि टॉवेलच्या कारखान्यात हवेत इतका कापूस उडतो की श्वास घेतला तरी नाकात धोटा फिरल्यासारखं वाटतं. ड्राइव्हच्या पंख्यावर कापसाची अक्षरशः गादी झाली होती. तो एकदा साफ करायचा, की काम झालं. त्यासाठी मशीन थोडा वेळ बंद ठेवायला हवं होतं.

मशीन बंद? कानडे साहेबांसमोर हा शब्द उच्चारणं म्हणजे लग्नघरात सुतकाचा विषय काढणं.

"दुपारी जेवणाच्या सुट्टीत करू," मी म्हणाले.

"तोपर्यंत मी बघतो," साहेब म्हणाले.

दुपारी गेले तर पॅनलचं दार सताड उघडं, आणि ड्राइव्हच्या डोक्यावर नीट घडी घातलेला ओला टॉवेल! एक्स्पोर्ट क्वालिटी, निळ्या काठाचा.

मी किंचाळलेच. साहेब जवळ आले आणि अगदी धीर देत म्हणाले,

"घाबरू नका मॅडम. घट्ट पिळून ठेवलाय."

* * *

आमचे इलेक्ट्रिशियन रज्जाकभाई. माणूस प्रेमळ, डबा आणला तर आधी मला विचारणार. पण प्रोटेक्शन या शब्दाशी त्यांचं जुनं वैर आहे. कुठलंही प्रोटेक्शन दिसलं की त्यांना ते स्वतःच्या कामातला अडथळा वाटतं.

ड्राइव्हच्या आधी खास फ्यूज बसवलेले असतात. आत काही भयंकर झालं तर फ्यूज क्षणात वितळायचा आणि महागाचा ड्राइव्ह वाचायचा. वितळणं हेच त्याचं काम. एक फ्यूज दोनदा वितळला. तिसऱ्यांदा रज्जाकभाईंनी त्याच्या जागी तांब्याची करंगळीएवढी जाड तार ठोकून दिली.

एका सकाळी धडाम आवाज झाला. धूर, जळका वास, ड्राइव्हचं झाकण समोरच्या भिंतीवर. आत सगळा कोळसा. रज्जाकभाई शांतपणे पुढे झाले, ती तार काढली, फुंकर मारली, उजेडात धरली, आणि चेहरा फुलला त्यांचा.

"देखो मॅडम! फ्यूज कू कुच नई हुआ!"

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. मला ती आवडतेही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करावा, यात काय वाईट आहे? माझी तक्रार एवढीच की वर्षातून एकदा नमस्काराबरोबर थोडं तेलही घालावं.

तर त्या वर्षी भक्तीला जरा जास्तच भर आला. प्रत्येक ड्राइव्हवर गंधाचं मोठं स्वस्तिक निघालं. आणि ड्राइव्हचा चेहरा म्हणजे काय, तर तो छोटा पडदा. स्वस्तिक बरोबर त्यावर!

गंध वाळलं. पडदा झाकला गेला. मी कापड घेऊन पुसायला गेले तर कानडे साहेब आडवे आले.

"अहो मॅडम, देवाचं पुसू नये!"

"साहेब, मशीन ट्रिप झालं तर कारण कसं वाचायचं?"

"कारण कशाला वाचायचं? रिसेट मारायचा."

रिसेट! ट्रिप झालेला ड्राइव्ह पुन्हा चालू करायचं बटण, आणि आमच्या कारखान्याचा खरा कुलदेव. ट्रिप झालं, मार रिसेट. पुन्हा झालं, पुन्हा मार. पडद्यावर काय लिहिलंय हे न वाचता बोट थेट बटणावर. जेवणाच्या सुट्टीत कुणाला उचकी लागली तरी पाठीवर थाप मारून म्हणतात, "रिसेट मार की!"

दिवाळीच्या सुमारास अण्णांसमोर मीटिंग झाली. कानडे साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "अण्णा, दसऱ्यापासून एकही फॉल्ट दिसलेला नाही!"

आणि गंमत म्हणजे, माणूस खरं तेच बोलत होता.

* * *

आता हायड्रोचं सांगते.

टॉवेल एका बाजूला जास्त पडले की पातेलं फिरायला लागताच थडथडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. मग हणमंतमामा पायाने ब्रेक दाबतात, झाकण उघडतात, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घालून टॉवेल सारखे करतात, झाकण लावतात, पलीकडे पॅनलपाशी जाऊन रिसेट मारतात. सरळ, सुरक्षित पद्धत.

झाकण उघडं असेल तर मशीन सुरूच होऊ नये म्हणून तिथे एक स्विचही असतो. तो आमच्याकडे कधीच दाबून बांधून टाकलाय, लाल सुताने, म्हणजे झाकण उघडलं तरी मशीनला ते बंदच वाटतं. विणकरांचं गाव आहे हे. ती गाठ इतकी सुंदर आहे की कारखान्यातली सगळ्यात भरवशाची जोडणी तीच असावी! मी दोनदा कापली. दोन्ही वेळा जेवून येईपर्यंत नवीन गाठ हजर. बांधणाऱ्याचं नाव आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तरी रिसेट हाताने मारायचा असल्यामुळे मामांचे हात शाबूत होते. पण पॅनलपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, हे कानडे साहेबांच्या डोळ्यांत खुपलं.

"मॅडम, ट्रिप होणारच नाही असं करा ना."

"टॉवेल नीट भरले तर नाही होणार."

"ते सोडा. सेटिंगमधून करा."

मी नाही म्हणाले. कारखान्यात नाही म्हणणारे आम्ही दोघंच, ड्राइव्ह आणि मी. ड्राइव्हला रिसेट मारतात आणि मला चहा पाजतात.

तो चहा मी पीत असताना रज्जाकभाईंना ड्राइव्हच्या पुस्तकात ऑटो रिसेट नावाचं सेटिंग सापडलं. ट्रिप झाल्यावर ड्राइव्ह थोडा वेळ थांबतो आणि आपला आपणच पुन्हा चालू होतो. कुठल्या तरी ओसाड माळावरच्या पंपाला, जिथे जवळ चिटपाखरू नसतं, तिथे ठीक आहे हे. पण हायड्रोला? मशीन ट्रिप होतं ते नेमकं मामांनी हात आत घालायच्या वेळी. आणि ते पुन्हा चालू होणार ते नेमके हात आत असताना!

कानडे साहेब हर्षभरित.

"बघा, आता ड्राइव्ह समजूतदार झालाय. सांगावं लागत नाही त्याला."

मी सेटिंग बंद केलं. सकाळी आले तर पुन्हा चालू. मी बंद केलं आणि पासवर्ड टाकला. रज्जाकभाईंनी ड्राइव्हच फॅक्टरी सेटिंगवर नेऊन सगळं नव्याने भरलं, मी घातलेली जास्तीची प्रोटेक्शनं वगळून, ऑटो रिसेट तेवढा आठवणीने घालून.

मी मामांकडे गेले. म्हटलं, यांना तरी घाबरवावं.

"मामा, हे मशीन आता आपोआप चालू होतं. माहितीय ना?"

"व्हय की. ठावं हाय."

"मग हात कसे घालता आत?"

"मोजतो की मनात. बंद पडलं की मोजायला लागायचं, आन ते चालू व्हायच्या आदी हात भाईर."

"आणि मोजताना चुकलात तर?"

मामांनी जरा विचार केला. "आजून तर न्हाय चुकलो. चुकलो की सांगतो तुमास्नी!"

* * *

शेवटी मी थेट अण्णांच्या केबिनमध्ये गेले. अण्णा मालक आहेत, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. मला ते अम्मा म्हणतात. माझ्यासमोर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे काही ऐकतात असा भास होतो.

मी सगळं सांगितलं. स्विच, सूत, ऑटो रिसेट, मामांचं मनात मोजणं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरं अम्मा. हे तू प्रोटेक्शन प्रोटेक्शन म्हणतीस, ते कोणाचं करतं?"

मला वाटलं, आला माणूस रुळावर. उत्साहाने म्हणाले, "मोटरचं करतं अण्णा, ड्राइव्हचं करतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसाचं करतं."

अण्णांनी डोळे उघडले.

"आणि माझ्या ऑर्डरचं?"

मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून अण्णा म्हणाले, "तसं नको समजू. माणसाची काळजी आहेच मला. कानडेला सांगतो मी काहीतरी करायला."

आणि खरंच झालं काहीतरी! दुसऱ्या दिवशी हायड्रोच्या झाकणावर नवा कोरा स्टिकर होता. हिरव्या अक्षरांत, सुरक्षा प्रथम. सरळ रेषेत बसावा म्हणून त्यांनी तो लाल सुताची गाठ झाकून चिकटवला होता.

* * *

मग परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने कारखाना तपासायला एक साहेब आले. बाहेरगावचे, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. यांनी चांगला शेरा दिला की माल बोटीवर. मला तर देवच आल्यासारखं वाटलं. म्हटलं, आमचं नाही ऐकत, यांचं तरी ऐकतील!

कानडे साहेबांनी त्यांना कारखानाभर फिरवलं आणि बरोबर हायड्रोपाशी आणून उभं केलं. हायड्रोला नवा रंग दिला होता आणि तिथे खिडकीतून उजेड चांगला येतो. सोलापुरात आलेला पाहुणा सत्काराशिवाय जात नसतो. अण्णांनी नारळ हातात दिला आणि सोलापुरी चादर पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या. फोटो. रज्जाकभाई मोबाईल आडवा धरून, "सर, जरा हसो ना!"

मागे हायड्रो थडथडलं आणि ट्रिप झालं. मामांनी ब्रेक दाबला, झाकण उघडलं. पाहुण्यांनी चादर सावरत विचारलं, "हे बंद का पडलं?"

"सर, आमच्याकडे सगळी प्रोटेक्शनं आहेत!" कानडे साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द प्रेमाने उच्चारला.

"वा. आणि आपोआप चालू तर होत नाही ना?"

"छे छे! आमच्या परवानगीशिवाय पानसुद्धा हलत नाही इथे."

मी तोंड उघडलं, "सर, ते..." तोवर पाहुणे आत डोकावायला वाकले होते. मामांचे ओठ हलत होते. एकाएकी ते ओरडले, "सायेब, मागं व्हा!" आणि त्यांनी पाहुण्यांची कॉलर धरून त्यांना असं मागे ओढलं की साहेब थेट अण्णांच्या अंगावर! त्याच क्षणी पातेलं गर्रकन फिरलं. चादरीचं टोक आत गेलं, पाठोपाठ अख्खी चादर खांद्यावरून सर्रकन निघाली आणि आत गरगरायला लागली. नारळ घरंगळत रंगाच्या ड्रममागे गेला.

पाहुण्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर. अण्णांनी जे म्हटलं ते तेलुगूत होतं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

तेवढ्यात कानडे साहेब पुढे झाले, हसले, आणि पाहुण्यांना म्हणाले,

"काळजी करू नका सर. चादर वाळूनच मिळेल!"

पाहुणे त्यानंतर फार थांबले नाहीत. पाणी प्यायले, गाडीत बसले आणि गेले. त्यांचा रिपोर्ट आला. मी अधाशासारखा वाचला. हायड्रोबद्दल त्यात एकच वाक्य होतं, की अभ्यागतांना चालू यंत्रांपासून दूर ठेवावे. कानडे साहेबांनी त्याची अंमलबजावणी तडफेने केली. पत्र्याची पाटी रंगवून हायड्रोच्या डोक्यावर टांगली.

"हायड्रोजवळ पाहुण्यांचा सत्कार करू नये. हुकमावरून."

"आणि ऑटो रिसेट?" मी विचारलं.

"त्याबद्दल रिपोर्टमध्ये काही नाही, मॅडम."

मी तशीच तणतणत डाइंग खात्यात गेले. मेन स्विच मी पाडला होता तो केव्हाच पुन्हा चढवलेला होता. हायड्रो नुकतंच ट्रिप झालं होतं. मामा झाकण उघडून उभे, मान वर करून पाटी वाचत होते. अक्षर न् अक्षर वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून हसले.

"मंग आपल्याला काय भ्या न्हाय, मॅडम."

"का हो मामा?"

त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले.

"माजा हितं कोन सत्कार करतंय!"